काठावरच्या चपला

समजा, येत्या शुक्रवारी तुम्हाला एका बेटावर जायचं आहे. रविवारी नाही, शुक्रवारीच. शांत जागा रविवारी शांत राहत नाहीत. सकाळी डबा भरा: पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, दोन काकड्या. पाण्याच्या बाटल्या घ्या, टोपी घ्या, पाय पुसायला जुना टॉवेल घ्या. डोंबिवली पश्चिमेला रिक्षा करा आणि मोठागावच्या पुढे खाडी दिसायला लागली की उतरा. तिथून बांधावरून चालत जायचं. एका हाताला तिवरांची दाट झाडी, दुसऱ्या हाताला कुणीतरी सोडून दिलेली मिठागरं. बांध संपतो तिथे दगडांचा एक मोडका धक्का आहे आणि धक्क्याला होडी.

आता चपला काढा. चपला घालून गेलात तर पलीकडे उतरताना गाळ त्या पायातून ओढून घेईल आणि परत देणार नाही. म्हणून चपला धक्क्यावर ठेवायच्या. पण नुसत्या ठेवून चालत नाही. कुत्री पळवतात, भरतीचं पाणी चढलं की वाहून जातात. कुणीतरी काठावर बसायला हवं.

तर सांगा, काठावर कोण बसणार?

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या साईनाथ खामकरांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्यांच्या चपला मालनकाकू राखायच्या.

खामकरकाका डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आधी टी-स्क्वेअर आणि रोटरिंग पेन, मग संगणक. काम कागदावरचं असलं तरी टेबल वर्कशॉपच्या माळ्यावर होतं. खाली दिवसभर पत्रे कापले जायचे. संध्याकाळी घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली तरी ते दचकायचे. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. बाकीचं जग त्या दिवशी कामावर. मित्र नाहीत, लग्नकार्य नाही, टीव्हीवर मॅच नाही. बरीच वर्षं ही सुट्टी त्यांना शिक्षेसारखी वाटायची. मुलगी ऐश्वर्या शिकायला पुण्याला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ज्या दिवशी कुणीच मोकळं नसतं त्या दिवशी सगळ्या सुंदर जागा मोकळ्या असतात.

मग दर शुक्रवारी दोघं निघायला लागले. खडवलीला भातसा नदीवर, टिटवाळ्याला मंदिराकडे न वळता थेट काळू नदीच्या काठाने वरच्या अंगाला. कधी ठाण्यापर्यंत जाऊन खोपटहून एसटी पकडायची आणि शहापूरच्या बाजूला एखाद्या तलावापाशी उतरायचं. हिवाळ्यात ठाणे खाडीवर रोहित पक्षी बघायला. घाई नाही, किती जागा झाल्या याचा हिशेब नाही. अंधार पडायच्या आत घरी, एवढा एकच नियम.

दुसराही एक नियम होता, पण तो फक्त काकूंसाठी होता. बोलायचं नाही.

मालनकाकू साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या, आणि आमच्या इमारतीतली निम्मी माहिती त्यांच्या शिलाई मशीनच्या आसपास जमा व्हायची. कुणाचं लग्न जमतंय, कुणाचा मुलगा नापास झाला, पाण्याचा टँकर कधी येणार. त्या रस्ता विचारायला थांबल्या तरी समोरच्या माणसाचं माहेर कुठलं हे कळल्याशिवाय हलायच्या नाहीत.

"अगं, पक्षी उडतील," काका म्हणायचे.

"उडू देत की. पक्षीच ते. उडायचंच काम त्यांचं."

"मला जरा शांतता हवी असते, मालन."

"मग दुकानात मागा ना, पाव किलो."

असं चालायचं. पण जागेवर पोहोचलं की काका पुढे आणि काकू मागे, असं आपोआप व्हायचं. टेकडी असेल तर काकू खाली चहाच्या टपरीवर बसायच्या. तलाव असेल तर बसथांब्याच्या पारावर. काका दोन-तीन तासांनी परतायचे तेव्हा टपरीवाल्याच्या बायकोच्या बाळंतपणाची गोष्ट अर्ध्यावर आलेली असायची आणि काकूंचा पाय निघत नसायचा.

शुक्रवारी काकू आंबट खात नसत. डब्यात लोणचं नाही, लिंबू नाही, भाजीत आमसूल नाही. काका दरवेळी कुरकुर करायचे. "तुझा उपास आणि माझी शिक्षा." काकू म्हणायच्या, "उपासाच्या पुण्याचा अर्धा वाटा तुमचा. चावा गपचूप."

आणि मग त्यांना भोकरबेट सापडलं.

नकाशात त्याला नाव नाही. काठावरचे आगरी लोक त्याला भोकरबेट म्हणतात, कारण उंचवट्यावर भोकराचं एकच मोठं झाड आहे. पूर्वी तिथे भात व्हायचा. बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, शेती गेली आणि तिवरं आली. आता तिथे बगळे, खंड्ये, गाळात टुणटुण उड्या मारणारे निवटे, आणि बाकी काही नाही. काका पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा त्यांना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते मला म्हणाले होते, "माझ्या कानांना त्या दिवशी सुट्टी मिळाली." त्यानंतर दुसरीकडे जाणं कमी झालं. महिन्यातून दोन-तीन शुक्रवार तरी भोकरबेटच.

होडी रतनबाई भोईरची. आधी तिचा नवरा चालवायचा, तो गेल्यावर ती. पलीकडच्या गावातली माणसं ने-आण करायची, मधल्या वेळात जाळी बघून यायची. काकांना बेटावर सोडायची आणि आपल्या कामाला जायची. परत यायचं झालं की काका भोकराखाली उभे राहून दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी द्यायचे.

"माऽलऽन!"

काठावरून काकूंचं "ओऽऽ" यायचं. म्हणजे त्या रतनबाईला सांगणार आणि होडी येणार. रतनबाईकडे मोबाइल आला तरी ही पद्धत बदलली नाही. बेटावर फोन लावणं म्हणजे काकांना बेटाचा अपमान वाटायचा.

इतक्या वर्षांच्या शुक्रवारांमधल्या काही गोष्टी काकांना आता आठवतात. एकदा काकूंचं "ओऽऽ" धक्क्याकडून न येता खाडीच्या वळणाकडून आलं होतं. काकांना वाटलं, वारा फिरलाय. बरेचदा काकूंच्या साडीचे काठ ओले असायचे आणि घरी पोहोचेपर्यंत मिठाने पांढरे पडायचे. "चिखलात कशाला जातेस?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर ऐकायच्या आत रिक्षा थांबवली होती. एकदा काकूंच्या तळहातांना फोड आले होते. "कात्री बदलायला हवी," असं काकू म्हणाल्या. काकांनी दुसऱ्याच दिवशी नवी, चांगल्या मुठीची कात्री आणून दिली. ती घेताना काकू खूप हसल्या होत्या. काकांना वाटलं, आनंदाने हसली.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मालनकाकू गेल्या. ताप आला, मग निमोनिया, मग दवाखाना, आणि आठवड्याभरात सगळं संपलं. काका कितीतरी दिवस घराबाहेर पडले नाहीत. वरून शिलाई मशीनचा आवाज येईनासा झाला. घरात आता हवी तेवढी शांतता होती, आणि काका दिवसभर रेडिओ लावून बसायचे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका शुक्रवारी त्यांनी स्वतःच डबा भरला. लोणचं घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. धक्क्यावर पोहोचून चपला काढल्या, तेव्हा त्या ठेवायच्या कुठे हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर घेतल्या आणि तसेच होडीत बसले.

"आज एकलेच?" रतनबाईने होडी लोटत विचारलं. "वयनी कुठं?"

"वहिनी गेल्या, रतनबाई. मार्गशीर्षात."

वल्हं थांबलं. होडी आपोआप थोडी आडवी झाली.

"गेल्या म्हंजे? आन मना कोनी सांगलं पन नाय?"

काका गोंधळले. नातेवाईकांना फोन झाले होते, सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं होतं. होडीवालीला कळवायला हवं, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. रतनबाईने पदर तोंडाला लावला होता आणि ती रडत होती. ओळखीच्या माणसासाठी रडतात तसं ते रडणं नव्हतं.

"माझी जोडीदारीन व्हती ती," रतनबाई म्हणाली. "तुमाला तिकरं सोरलं का आमी दोघी निंगाचो. त्या वलनापरत. जाली बघाची, गप्पा मारत परत याचं. वल्हं काय मस्त माराची!"

"कोण, मालन?" काका म्हणाले. "तिला पाण्याची भीती होती."

रतनबाई रडता रडता हसली. "भीती? वयनीला? अवो सायेब, एकदा वारा सुटला न होरी डुलाला लागली, तवा मीच घाबरले. मना बोलते, रतन, सरक, वल्हं इकरं दे. न गाना बोलाला लागली."

"गाणं?"

"मंग! न कैरी खाची, मीठ लावून."

"शुक्रवारी? शुक्रवारी ती आंबट खात नव्हती."

"मी पन तेच बोल्ले. तर बोलते, वार-बीर सगला धक्क्यावर ठेवून आलंय, चपलांच्या संगती."

काका चपलांच्या पिशवीकडे बघत राहिले. म्हणजे इतक्या वेळा त्यांच्या चपला धक्क्यावर एकट्याच होत्या. एखाद्या दगडाखाली दाबून ठेवलेल्या असणार. त्यांना त्या कधीच ओल्या किंवा हरवलेल्या मिळाल्या नव्हत्या.

"मग ती माझ्याबरोबर का नाही आली?" त्यांनी विचारलं.

"मी इचारलेलं एकदा," रतनबाई म्हणाली. "बोलते, बोलावलं तर जाईन की."

काका म्हणाले, तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तुम्ही जा, मी बसते. रतनबाईने मान हलवली. "सांगलं असंल. मी नाय आयकलं. तवा मालक होरी चालवाचे, मी बाजूलाच व्हते. तुमी चपला काढल्या, तिच्या म्होरं ठेवल्या, न होरीत चढलाव. मंग ती बसली."

त्या दिवशी काका बेटावर उतरले नाहीत. "परत चला," म्हणाले.

घरी न जाता ते तडक टिटवाळ्याला गेले. ऐश्वर्या आता तिथे राहते, स्टेशनपासून लांब, नव्या इमारतींच्या रांगेत. दार उघडल्या उघडल्या त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला पाण्याची भीती होती ना?"

"आत तर या, बाबा. पाय बघा तुमचे, चिखल केवढा! सान्वी, आजोबांना पाणी आण." मग ती थांबली. "आईला? पाण्याची? बाबा, आई कऱ्हाडची. कृष्णेत पोहायची ती लहानपणी. मामा अजून सांगतो, पुलावरून उड्या मारायची म्हणून आजीचा मार खाल्लेला तिने."

हे काकांना माहीत होतं. लग्नात मेव्हण्याने हाच किस्सा सांगितला होता आणि मांडवातले सगळे हसले होते, तेही हसले होते. फक्त कृष्णेत उड्या मारणारी ती मुलगी आणि धक्क्यावर पिशवी सांभाळणारी बायको एकच आहे, हे त्यांनी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

"मग भीती आहे असं कुणी सांगितलं मला?"

"तुम्हीच सांगायचात सगळ्यांना," ऐश्वर्या म्हणाली. "हिला पाणी नको, ही काठावरच बरी. आई हसायची. मला वाटायचं तुमच्या दोघांचा काहीतरी जोक आहे."

"तिने कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं होतं?"

ऐश्वर्याला बोलून वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. मजेत होती की ती. तुम्हाला तुमचं बेट, तिला तिची होडी."

जाऊ देण्यासारखं ते होतं. पण काकांनी खिशातून फोन काढला. बेटावरून ते कधीकधी फोटो काढायचे: पाणी, आकाश, तिवरांची रेघ. माणूस एकातही नाही. माणूस आला की फोटो बिघडतो, असं त्यांचं मत. बाप-लेक सोफ्यावर बसून एकेक फोटो मोठा करून बघायला लागले. बऱ्याच वेळाने एका फोटोच्या अगदी उजव्या कडेला होडीचं टोक सापडलं. होडी अर्धी कापलेली. त्या अर्ध्या होडीत वल्ह्यावर एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा, आणि कोपराला चिकटलेला मोतिया रंगाचा पदर.

"ही आईची मोतिया साडी," ऐश्वर्या म्हणाली. "बाकीचा फोटो कुठाय?"

"मी कापला," काका म्हणाले. "होडी मध्ये येत होती."

कापलेला भाग परत मिळतो का, असं त्यांनी मला नंतर विचारलं. माझं कामच सॉफ्टवेअरचं. जे जे करता येण्यासारखं होतं ते मी करून पाहिलं. फोन जुना, मूळ फोटो केव्हाच पुसलेला. हात आणि पदर, एवढंच उरलं आहे. तोच फोटो आता त्यांच्या घरात भिंतीवर लावलेला आहे. पाहुण्यांना कळत नाही की हा कशाचा फोटो आहे.

काका अजूनही दर शुक्रवारी निघतात. नवा पूल झाल्यापासून होडीने जाणारी माणसं कमी झाली आहेत. रतनबाई म्हणते, या पावसाळ्यानंतर होडी विकून टाकीन. काका मात्र बेटावर जात नाहीत. धक्क्यावर, काकू बसायच्या त्या दगडावर बसतात. तिथून काय दिसतं ते त्यांना बघायचं होतं. तिथून बेट अगदी छोटं दिसतं, भोकराचं झाड कोथिंबिरीच्या जुडीएवढं. आणि धक्क्यावरची माणसं खूप मोठी दिसतात. जाळी शिवणारे म्हातारे, चिंबोऱ्या धुणाऱ्या बायका, शाळेला दांडी मारून आलेली पोरं. सुरुवातीला काकांना त्यांच्याशी काय बोलावं कळत नव्हतं. आता ते कुणाचं माहेर कुठलं हे विचारू शकतात, पण पुढे काय विचारायचं ते अजून जमत नाही. बायका एकमेकींना म्हणतात, "वयनींचे सायेब आलं." या काठावर त्यांची ओळख तेवढीच आहे.

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं आलं. मुलाच्या गळ्यात मोठा कॅमेरा, मुलीच्या पायात पांढरे शुभ्र बूट. धक्क्यावर येऊन मुलाने बूट काढले, बाजूला ठेवले आणि म्हणाला, "तू थांब ना जरा, शूज बघ. मी पटकन चार फोटो काढून आलोच."

मुलगी बुटांजवळ बसायला वाकली.

"दोघं जा," काका एकदम म्हणाले. त्यांचा आवाज जरा मोठाच निघाला. "बूट मी सांभाळतो. इथेच बसलेलो असतो मी."

मुलगा म्हणाला, "अरे काका, तसं नको, तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास कसला? जा म्हटलं ना! दोघं जा."

मुलीने चटकन बूट काढले, काकांच्या समोर नीट जोडून ठेवले आणि होडीत चढली. मग वळून म्हणाली, "काका, तुम्ही नाही येत? जागा आहे की. चला ना!"

चला ना. एका अनोळखी मुलीने, ना नाव माहीत ना गाव, हे किती सहज म्हटलं. रतनबाई वल्हं धरून काकांकडे बघत होती. त्यांनी बुटांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. होडी निघाली. अर्ध्या खाडीत गेल्यावर मुलीच्या हसण्याचा आवाज आला. पक्षी उडाले नाहीत.

त्यांना बेटावर सोडून रतनबाई परत आली, होडी बांधली आणि काकांच्या शेजारी दगडावर टेकली. दोघांच्या मध्ये दोन बुटांच्या जोड्या होत्या.

"रतनबाई," काका म्हणाले, "एक विचारू? अगदी नीट आठवून सांगा. तुमच्या मालकांच्या वेळची गोष्ट असली तरी चालेल. पाऊस असेल, गर्दी असेल, मी घाईत असेन, कसंही असेल. एखाद्या शुक्रवारी, निदान एकदा तरी, मी तिला 'चल' म्हटलेलं का हो?"